सुभेदारचं दार

अरे बापू, बस आधी. बस म्हणतो ना! चहा सांगितलाय मी. आज सकाळी काय झालं ते ऐक, मग तुझं ते ऑफिसचं रडगाणं लाव. नाही, थांब, आजचं एकदम सांगितलं तर तुला ओ की ठो कळणार नाही. पहिल्यापासून सांगतो.

तुला माहितीये, आमच्या कॅम्पात किस्से शोधायला जावं लागत नाही, अंगावर येऊन पडतात. मिलिटरीवाले गेले, फाळणीनंतर सिंधी मंडळी आली, आणि त्या लांबलचक बॅरेकमध्ये अर्ध्या भिंती नि गोणपाटं घालून खोल्या झाल्या. भिंत डोक्याएवढी, वरती छप्पर सगळ्यांचं एकच! पहिल्या खोलीत शिंक आली की शेवटच्या खोलीतली म्हातारी आशीर्वाद देते. अशा ठिकाणी रोज काहीतरी साठतच जातं. पण हल्ली साठतंय ते सगळं एका कुत्र्याभोवती.

*

कुत्र्याचं नाव सुभेदार. मिलिटरीच्या बॅरेकीत सापडला म्हणून सुभेदार. बाकी सुभेदारासारखं काही नाही! भांडं पडलं की पळाला. सायकलची घंटी वाजली की पळाला. एकदा त्याची स्वतःचीच शेपटी दाराला आपटली, तर संध्याकाळपर्यंत गायब.

तो शेजारच्या दादी गोपीचा. आमच्या फॅक्टरीतले टाइमकीपर सप्रे आहेत ना, अंबरनाथला क्वार्टर मिळेना म्हणून ज्यांच्या खोलीत मी राहतो, त्यांच्या भिंतीपलीकडे दादी. एकटी बाई, साठीची असेल. पापड लाटते, खाटेवर वाळवते, आणि सकाळी टोपली डोक्यावर घेऊन अंबरनाथला दारोदार विकायला जाते. सगळा कॅम्प तिला दादीच म्हणतो.

सुभेदारच्या मानेभोवती केस नाहीत. गोल पट्टाच्या पट्टा, नुसती गुलाबी कातडी. कुत्तेवाल्यांनी तारेच्या फासात धरून गाडीच्या पिंजऱ्यात कोंबला होता, तिथून सुटून आलेला. तेव्हापासून मानेला काही लागलेलं त्याला चालत नाही. दोरी नाही, पट्टा नाही, हातसुद्धा नाही. आणि बंद खोलीत कोंडला तर नखं रक्ताळेपर्यंत दार खरवडतो.

सप्रे पहिल्या दिवशी त्याला बघून काय म्हणाले माहितीये? "दादी, ह्याला ठेवून उपयोग काय? चोर आला तर हाच त्याच्या मागे लपेल!"

दादी म्हणाली, "तो क्या हुआ? मैं भी उसके पीछे छुपूँगी."

*

तसं कुत्र्यांकडे आमच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. भटकी होती, उकिरड्यावर होती, चाललं होतं. मग त्या शिंप्याचं झालं.

पलीकडच्या ओळीतला तरुण शिंपी. कुत्रं पोटरीला चावलं. त्याने हळद भरली, फडकं बांधलं आणि मशीनवर बसला. लग्नसराई होती ना, इंजेक्शनं घ्यायला कल्याणला कोण जाणार! जखम भरूनसुद्धा आली. विसरला तो.

आणि मग एके दिवशी बायकोने पाण्याचा लोटा पुढे केला, तर ह्याचा घसा आवळला. लोटा दिसला तरी अंग झटके खाई. तहान तर अशी की ओठ फाटलेले! आम्हाला धरायला बोलावलं. सप्र्यांनी पाय धरले होते, मी एक हात. शुद्धीवर होता रे तो! अगदी शुद्धीवर. मला म्हणाला, "भाऊ, जोर से पकड़ो, मैं किसी को काट न लूँ."

तो गेला. अजून त्या घरात पाण्याचं प्रत्येक भांडं फडक्याने झाकलेलं असतं. त्याची बायको पाणी पिताना पाठ फिरवून पिते.

*

त्यानंतर कुत्री धरायच्या ठेकेदाराची माणसं यायला लागली. हातात लांब चिमटे, तारेचे फास, आणि मागे गोणपाट टाकलेली गाडी. पहिल्या दिवशी आमच्या ओळीतली सगळी कुत्री नेली. गाडी भरल्यावर गोणपाट हलत होतं. ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत हलायचं थांबलं.

त्यांचा मुकादम वाईट माणूस नाही हं. घाटावरचा आहे, शांतपणे बोलतो, विडीसुद्धा बायकांसमोर ओढत नाही. सप्र्यांनी त्याला विचारलं, "पाळलेला कुत्रा असेल तर?"

"पट्टा असंल तर सोडतो."

"पट्टा घालून घेत नाही तो."

मुकादमाने जरा विचार केला. "मग असं करा. दाराच्या आत असंल तर घरचा. दाराच्या भायेर असंल तर आमचा."

झालं! दिवसभर दादी अंबरनाथला, दाराला कुलूप, आणि सुभेदार दाराच्या बाहेर. कोंडावा तर नखं काढून घेतो, दार उघडं टाकावं तर पिठाच्या डब्यासकट सगळं चोर नेणार. म्हणजे दार बंद पाहिजे आणि कुत्रा आपणहून आत जायला पाहिजे. सप्रे म्हणाले, "त्यासाठी तो कुत्रा नको, वकील पाहिजे!"

*

मग तुकाराम आला. बदलापूरच्या बाजूचा, सोनिवलीचा, आमच्या फॅक्टरीत सुतार. रविवारी करवत पिशवीत घालून आला आणि दादीच्या दाराच्या खालच्या बाजूला कुत्र्याएवढं चौकोनी भोक पाडलं. वरून सायकलच्या टायरचं रबर खिळ्यांनी ठोकलं. ढकललं की उघडतं, सोडलं की बंद. बघायला अख्खी बॅरेक जमली होती.

त्या गर्दीत कॅम्पचे इन्स्पेक्टर! झाली बोंब. "किसने किया ये? बॅरेक सरकारची, दार सरकारचं. हे भोक कुणाचं?"

सप्रे तर भिंतीलाच चिकटले. तुकाराम काही हलला नाही. म्हणाला, "भोक म्हातारीचं हाय सायब. जाताना घेऊन जाईल!"

इन्स्पेक्टर असे हसले म्हणून सांगू, टोपी काढून हसले. आम्ही सगळेच हसत होतो. दादीला मराठी पुरतं कळत नाही, तिने मला विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, की तू इथून जाशील तेव्हा भोक घेऊन जाशील.

ती हसली नाही. अगदी खरोखरचा प्रश्न विचारावा तसं विचारलं, "अब किधर जाना है?"

इन्स्पेक्टरांनी टोपी परत घातली आणि भोक न बघितल्यासारखं करून पुढे गेले.

*

आता भोक झालं, पण शिरणार कोण? सुभेदारने डोकं आत घातलं, टायर मानेवर पडलं, आणि तो जो किंचाळला! माणसासारखा किंचाळला रे. त्यानंतर दाराच्या त्या बाजूनेसुद्धा जाईना.

सप्रे म्हणाले, "त्याला दाखवायला पाहिजे. बघून शिकतात प्राणी." आणि धोतर खोचून सप्रे खाली बसले! डोकं गेलं, एक खांदा गेला, दुसरा गेला, आणि कंबर अडकली. पुढे जाईनात, मागे येईनात. मी पाय ओढतोय, आतून सप्रे ओरडतायत, "धोतर सोड! धोतर सोड, गाढवा!" तेवढ्यात दादी टोपली घेऊन परत. बघते तर तिच्या दारातून दोन पाय बाहेर. कुलूप काढलं, दार हळूच उघडलं, तर दाराबरोबर सप्रेही फिरले!

दादीने आत डोकावून विचारलं, "सप्रे, तुम आधा अंदर, आधा बाहर. चाय किधर रखूँ?"

हसून हसून पोटात दुखलं. पण सुभेदारने ते सगळं लांबून बघितलं होतं. भोकात अडकलेला माणूस, ओरडणारा, पाय झाडणारा. त्याला जे वाटत होतं तेच झालं की! तो दोन दिवस आला नाही. आणि त्यातल्या एका दिवशी गाडी येऊन गेली. दादी गाडीमागे ओळीच्या टोकापर्यंत गेली, गोणपाट उचलून एकेक तोंड बघितलं, परत येऊन पापडाला बसली. तिसऱ्या दिवशी सुभेदार बाहेरच्या खाटेखाली!

*

मग दादीने टायर उपटून टाकलं. आपल्या जुन्या ओढणीची एक चिंधी तिथे कोपऱ्यात लटकवली. नुसती एक. भोक जवळजवळ उघडंच. आत बसून ती पापड भाजायची आणि हाका मारायची, "अचु पुट, अचु!" ये बाळा, ये. सुभेदार बाहेर बसून लाळ गाळायचा. हळूहळू नाक आत. मग डोकं. पापडाचा तुकडा घेतला की मागे.

थोड्या दिवसांनी दादीने चिंधीशेजारी दुसरी चिंधी लावली. मग तिसरी. ओढणी तिच्या अंगावरची, वास तिचा. मानेला लागलं तरी त्याला ते तिचाच पदर वाटत असणार. आम्ही फॅक्टरीतून आलो की सप्रे पहिलं हे विचारायचे, "आज किती गेला?" "खांद्यापर्यंत!" जसं काही पोराची परीक्षाच चाललीये.

आणि एका दुपारी गेला रे! पूर्ण. शेपटीसकट. सगळी ओळ दारात उभी होती, पण आवाज केला तर बिचकेल, म्हणून कुणी टाळी वाजवली नाही. अख्खी बॅरेक तोंडावर हात दाबून आनंद करत होती. सप्र्यांच्या डोळ्यांत पाणी. मला म्हणतात, "धूर गेला, पापडाचा."

त्या दिवशी मी दादीला विचारलं. खूप दिवस विचारायचं होतं. म्हटलं, एवढा खटाटोप कशाला? खोलीत साखळीने बांधला असता तर चार दिवस ओरडला असता, मग सवय झाली असती.

दादी पापड लाटत होती. लाटता लाटताच म्हणाली, तिकडे सिंधमध्ये त्यांचा एक कुत्रा होता. अंगणात बांधलेला असायचा. निघायच्या दिवशी घाई झाली. तिला वाटलं नवऱ्याने सोडला, नवऱ्याला वाटलं हिने सोडला. बोटीत बसल्यावर एकमेकांना विचारलं.

मी म्हटलं, "कुणी शेजाऱ्याने सोडला असेल, दादी. नाहीतर तोडली असेल त्याने साखळी."

"नहीं पुट," ती म्हणाली. "साखळी चांगली होती. मीच आणली होती."

हे मी तुला मराठीत सांगतोय. ती सिंधीत म्हणाली की हिंदीत, ते आठवत नाही, नुसती तिची लाटण्यावरची बोटं आठवतात.

*

सुभेदारचा पहिला खरा पेपर लगेच आला. गाडी आली, ओळीत पळापळ झाली, आणि आमचा भित्रट सुभेदार तीरासारखा सुटला आणि ओढणीतून सुळकन आत! मुकादम दाराशी आला. चिंध्या अजून हलत होत्या. बघत राहिला. म्हणाला, "घरचा हाय." आणि पुढे गेला. सप्र्यांनी त्याला बोलावून चहा पाजला!

फक्त एक घोळ होता. सुभेदार आत जायला शिकला, बाहेर यायला नाही. आतून ते भोक त्याला दिसतच नसल्यासारखं. दादी येऊन दार उघडेपर्यंत आत बसून राहायचा. कोंडल्यासारखं वाटत नसावं, कारण आपणहून गेलेला. सप्रे म्हणाले, "सरकारी नोकरीसारखं आहे ह्याचं. एकदा आत शिरला की रिटायर होईपर्यंत बाहेर नाही!" आम्ही म्हटलं, ते पण शिकवू सावकाश. घाई काय आहे?

*

आता आजचं. चहा पी, निवतोय.

माझी काल रात्रपाळी, म्हणून मी सकाळी घरी. सप्रे सुट्टीवर, दाढी करत होते. दादी अंबरनाथला. अचानक ओळीच्या टोकाकडून बायकांचा गलका. बाहेर आलो तर मुकादम आणि त्याची माणसं धावत येतायत, आणि त्यांच्यापुढे एक कुत्रा. पिवळट, मोठा. पण तो पळत नव्हता रे, पडत-पडत चालत होता. जबडा लोंबलेला, लाळेची तार जमिनीपर्यंत, डोळे कुठेच बघत नव्हते.

"घरात व्हा! पिसाळल्यालं हाय! घरात व्हा!" मुकादम ओरडत होता.

सुभेदार दादीच्या दारात उन्हात झोपलेला. गाडीवाल्यांना बघितलं आणि शिकवल्याप्रमाणे उठला, ओढणीतून आत. अगदी शिकवल्याप्रमाणे! आणि त्या पिवळ्याचं तोंड नेमकं त्या हलणाऱ्या चिंध्यांकडे वळलं. ह्याच्या मागोमाग तोही आत.

दाराला कुलूप. किल्ली दादीच्या ओढणीच्या गाठीला, दादी अंबरनाथला. आणि आमच्या भिंतीवरून आत उतरायची कुणाची छाती!

मुकादमाच्या माणसाने फळी आणून भोकावर दाबली. मी ओरडलो, "अरे आमचा कुत्रा आहे आत!" मुकादम म्हणाला, "आन् तुमची पोरं भायेर हायेत." खरंच होतं. शाळा सुटायची वेळ. आतून डबे पडल्याचा आवाज. मग गुरगुर. मग सुभेदारचं ते किंचाळणं. मी फळी बाजूला करून हाका मारल्या, "सुभेदार, अचु, अचु!" कसा येणार? बाहेर यायचं शिकवलंच नव्हतं ना आपण. सप्रे अर्ध्या दाढीने उभे, म्हणाले, "मधू, लाव ती फळी. शिंप्याला आपणच धरलं होतं रे. लाव." मी लावली. पाठ लावून बसलो. पाठीमागे लाकडावर नखं वाजत होती.

आणि दादी आली. आज पापड लवकर संपले म्हणून लवकर आली, बघ!

मुकादमाने तिला सगळं नीट सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली, ओढणीची गाठ सोडली, किल्ली काढली. मुकादम आडवा आला. "आजीबाई, दार उघडायचं नाय."

"मेरा घर है," ती म्हणाली. रागाने नाही. मग मला म्हणाली, "मैं जाऊँगी तो तू बंद कर. मैं बोलूँगी तो खोल." मुकादमाने काय बघितलं तिच्या तोंडावर कोण जाणे. त्याने तिला आपला फास आणि खांद्यावरची घोंगडी दिली आणि म्हणाला, "मी येतो संगती." दोघं आत. मी दार ओढून धरलं.

बापू, किती वेळ गेला मला विचारू नकोस. आत काय झालं तेही मला दिसलं नाही. खाट आपटली. मुकादमाची शिवी. एक जोराचा दणका. मग शांत.

"खोल, पुट."

उघडलं. मुकादम आधी बाहेर आला, मागे घोंगडीत बांधलेलं ओझं ओढत. ते हलत नव्हतं. त्याच्यामागे दादी. कडेवर मूल घ्यावं तसा सुभेदार, आणि त्याच्या मानेभोवती तिने आपली ओढणी गुंडाळलेली. मानेभोवती! आणि तो काही म्हणून हलत नव्हता, नुसता तिच्या काखेत तोंड खुपसून होता. सप्रे मोठमोठ्याने रडायला लागले. दादीचे हात मुकादमाने स्वतः पाण्याने धुऊन, उलटसुलट करून बघितले. ओरखडासुद्धा नव्हता.

मग त्याने सुभेदारकडे बोट केलं. "ह्याला चावलं का?"

"नहीं," दादी म्हणाली. पटकन. जरा जास्तच पटकन.

"चावलं असंल तर सोडता येनार नाय, आजीबाई. आज बरा दिसंल. मग कधीतरी..." त्याने शिंप्याच्या खोलीकडे बघितलं. तिथे शिंप्याची बायको दारात उभी होती, कडेवर पोर घेऊन.

मुकादम ओढणी सोडायला पुढे झाला, तर सुभेदार त्याला हात लावू देईना, थरथरायला लागला. दादी मागे सरकली. मग मुकादमाने माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तुमी दारातच हुता. त्यांनी फडकं गुंडाळायच्या आधी तुमाला दिसलं असंल. तुमी सांगा. तुमी म्हनाल ते मी मानतो."

आणि मला दिसलं होतं, बापू. दार उघडलं तेव्हा ती आत ओढणी गुंडाळतच होती ना, तेव्हा उजव्या कानाखाली. छोटंसं. दोन दातांचं.

दादी माझ्याकडे बघत होती. शिंप्याची बायकोही माझ्याकडेच बघत होती.

मी काय सांगितलं ते मागाहून, आधी तू सांग. चहा ठेव खाली आणि सांग. तू असतास तिथे, तर काय सांगितलं असतंस?